दहा एकरांचा चौक आणि एक कारंजं

अमेरिकेच्या ओहायो राज्यात क्लीव्हलँड शहराच्या मधोमध जवळजवळ दहा एकरांचा चौक आहे, पब्लिक स्क्वेअर. शहराचा पहिला नकाशा निघाला तेव्हापासून तो त्यात आहे आणि सव्वादोनशे वर्षं उलटली तरी त्याचं नेमकं काय करायचं यावर गावाचं एकमत नाही. त्याच ओहायो राज्याच्या दुसऱ्या टोकाला, गाडीने चारेक तासांवर, सिनसिनाटी आहे. तिथला चौक, फाउंटन स्क्वेअर, क्लीव्हलँडच्या चौकाच्या एका चतुर्थांशात सहज मावेल. तो कुणी आधी आखलेलाही नव्हता. कसायांचा बाजार पाडून त्याला जागा करून द्यावी लागली. तरीही एखाद्या साध्या मंगळवारी दुपारी कुठे जास्त माणसं निवांत बसलेली दिसतील असं विचारलंत, तर मी डोळे मिटून सिनसिनाटीचं नाव घेईन.

असं का होतं, हे समजून घेण्यासारखं आहे. जागा मोठी, इतिहास मोठा, इमारती उंच, खर्चही तोडीस तोड. मग माणसं कशावरून ठरवतात कुठे थांबायचं?

अमेरिकेत ज्याला डाउनटाउन म्हणतात तो शहराचा जुना गाभा असतो. कचेऱ्या, बँका, कोर्ट, नाट्यगृहं आणि एकेकाळची बहुमजली दुकानं तिथे असतात. राहणारी माणसं मात्र बहुतेक उपनगरांत. त्यामुळे संध्याकाळी कचेऱ्या सुटल्या की हा गाभा ओस पडायला लागतो. सिनसिनाटीजवळच्या मेसनमध्ये किंवा क्लीव्हलँडजवळच्या सोलनमध्ये राहणारी आपली मंडळीसुद्धा डाउनटाउनला जातात ती मॅच असली किंवा भारतातून पाहुणे आले की. अशा ठिकाणी चौकाला एकच काम असतं, पण ते अवघड असतं. जिथे येण्याचं कारण उरलेलं नाही तिथे माणसाला थांबवायचं.

चौकांकडे वळण्याआधी या दोन गावांमधली चुरस सांगायला हवी. सिनसिनाटी वयाने मोठं. ते १७८८ मध्ये ओहायो नदीच्या काठी वसलं, वाफेच्या बोटींवर आणि डुकराच्या मांसाच्या धंद्यावर वाढलं. धंदा एवढा की लोक गावाला थट्टेने ‘पोर्कोपोलिस’ म्हणत. १८५० मध्ये ते अमेरिकेतलं सहावं मोठं शहर होतं, लोकसंख्या एक लाख पंधरा हजारांच्या आसपास. क्लीव्हलँडमध्ये तेव्हा जेमतेम १७ हजार माणसं होती. पुढे रेल्वे आली, एरी सरोवरातून लोहखनिजाची जहाजं आली, रॉकफेलरचं तेल आलं आणि १९००च्या जनगणनेत धाकट्याने थोरल्याला मागे टाकलं. थोरल्याने ते कधी मनापासून मान्य केलं असं वाटत नाही. आजची भांडणं मुख्यतः अमेरिकन फुटबॉलची. क्लीव्हलँडच्या ब्राउन्स संघाचं नाव पॉल ब्राउन या त्यांच्या प्रशिक्षकावरून पडलं. १९६३ मध्ये मालकाने त्यालाच घरी बसवलं. गडी गप्प बसला नाही. १९६८ मध्ये त्याने सिनसिनाटीत बेंगॉल्स हा संघ उभा केला. दोन्ही संघ आता एकाच गटात आहेत आणि दर मोसमात दोनदा भिडतात.

आता चौक. क्लीव्हलँडचा आधी.

१७९६ मध्ये कनेक्टिकट लँड कंपनीचे मोजणीदार मोझेस क्लीव्हलँडच्या नेतृत्वाखाली इथे उतरले. ही माणसं न्यू इंग्लंडची. त्यांच्याकडच्या गावात मधोमध सामाईक गवताळ जागा असते. गुरं चारायला, कवायतीला, सभेला, जे लागेल त्याला. आपल्या गावी असतं तसंच इथेही हवं, म्हणून त्यांनी नुसत्या जंगलात साखळ्या टाकून जवळपास दहा एकरांचा चौरस आखला. वस्ती नव्हती, बाजार नव्हता, चौक मात्र तयार. त्यातून सुपीरियर आणि ऑन्टॅरियो असे दोन रुंद रस्ते आखले, तेही बरोबर मध्यभागी एकमेकांना छेदणारे. म्हणजे चौक जन्मालाच चार तुकड्यांत आला. पुढची सगळी कटकट या एका फुलीची आहे.

१८५०च्या दशकात आसपासच्या लोकांनी आग्रह धरला की ही जागा सलग बाग व्हावी, आणि १८५७ मध्ये चौकाला चक्क कुंपण घातलं गेलं. रस्ते बंद. व्यापारी खवळले, कारण गाड्यांना वळसा पडू लागला. दहा वर्षं हा वाद चालला, शेवटी १८६७ मध्ये कुंपण निघालं आणि रस्ते पुन्हा आरपार झाले. बाग की वाट, हा प्रश्न तेव्हा वाट जिंकून मोकळा झाला. निदान तसं वाटलं.

एवढी मोठी मोकळी जागा मोठ्या प्रसंगांना मात्र फार उपयोगी पडते. २८ एप्रिल १८६५ रोजी लिंकनचं पार्थिव दर्शनासाठी इथेच ठेवलं होतं. २९ एप्रिल १८७९ रोजी चार्ल्स ब्रशने विजेचे १२ आर्क दिवे लावून हा चौक उजळून दाखवला. १८९४ मध्ये आग्नेयेकडच्या तुकड्यात यादवी युद्धातल्या सैनिकांचं १२५ फुटी स्मारक उभं राहिलं; आतल्या भिंतींवर त्या काउंटीतल्या सुमारे नऊ हजार जणांची नावं कोरली आहेत. आणि १९८६ मध्ये इथूनच एका निधिसंकलनाच्या निमित्ताने चौदा-पंधरा लाख फुगे एकदम आकाशात सोडले. पाऊस आला, फुगे खाली आले, सरोवरावर आणि विमानतळाच्या धावपट्टीवर पसरले, आणि विश्वविक्रमाचा आनंद फार टिकला नाही. या चौकाला भव्यतेची सवय आहे. रोजच्या जेवणाच्या सुट्टीचं मात्र त्याला जमत नाही.

सिनसिनाटीत असा कुठलाही सामाईक चौरस नव्हता. पाचव्या रस्त्याच्या मधोमध कसायांच्या बाजाराची जुनी इमारत होती. हेन्री प्रोबॅस्को हा लोखंडी सामानाचा घाऊक व्यापारी. त्याचा मेहुणा आणि धंद्यातला भागीदार टायलर डेव्हिडसन वारला, त्याच्या स्मरणार्थ प्रोबॅस्कोला गावाला कारंजं द्यायचं होतं. तो म्युनिकला गेला. तिथे फर्डिनांड फॉन मिलरच्या ओतशाळेत आउगुस्ट फॉन क्रेलिंगचं एक रेखाटन गिऱ्हाइकाची वाट पाहत पडलं होतं. प्रोबॅस्कोने ते घेतलं आणि भोवती पिण्याच्या पाण्याची चार छोटी कारंजी वाढवून मागितली. डेन्मार्कच्या जुन्या तोफांचं कांस्य वितळवून काम पूर्ण झालं. इकडे बाजार पाडण्याला कसायांचा विरोध होता, पण नगरपालिकेने तो पाडला. ६ ऑक्टोबर १८७१ रोजी कारंज्याचं लोकार्पण झालं.

त्रेचाळीस फूट उंचीच्या या कारंज्यावर कुठला सेनापती नाही की कुठला देव नाही. सगळ्यात वर हात पसरून उभी बाई, तिच्या तळव्यांतून पाणी झरतं. खाली चार माणसं आहेत: पावसाची वाट पाहणारा शेतकरी, पेटलेल्या घराच्या छपरावरून पाण्यासाठी धावा करणारा गृहस्थ, मुलाला आंघोळीला नेणारी आई, म्हाताऱ्या बापाला पाणी देणारी मुलगी. लोकार्पणानंतर दोनच दिवसांनी शिकागोची प्रसिद्ध आग लागली, हा निव्वळ योगायोग. पण छपरावरच्या त्या माणसाकडे पाहताना तो आठवतोच. गावात तेव्हा जर्मन वस्ती मोठी होती. म्युनिकहून आलेलं हे कारंजं त्यांना परकं वाटायचं कारणच नव्हतं.

इथे पहिला फरक दिसतो. सिनसिनाटीत आधी वस्तू आली, मग तिच्याभोवती चौक झाला. क्लीव्हलँडमध्ये आधी मोकळी जागा आली आणि तिच्यात काय ठेवायचं याचा शोध नंतर सुरू झाला. ‘कारंज्यापाशी भेट’ असं सांगितलं की पुरतं. ‘पब्लिक स्क्वेअरवर भेट’ असं सांगितलं की पुढचा प्रश्न येतो, कुठल्या बाजूला?

दुसरा फरक मापाचा. माणसाचा चेहरा साधारण वीस-पंचवीस मीटरपर्यंत नीट वाचता येतो. शंभर मीटरच्या पलीकडे तो फक्त हलणारा ठिपका उरतो. क्लीव्हलँडचा चौक या टोकापासून त्या टोकापर्यंत सुमारे दोनशे मीटर आहे. समोर कोण बसलंय ते दिसतच नाही. फाउंटन स्क्वेअर त्या शंभराच्या आत बसतो. त्याला तिन्ही-चारही बाजूंनी उंच इमारतींनी आवळून धरलेलं आहे, जुन्या वाड्याचा चौक ओसऱ्यांनी धरलेला असतो तसं, आणि माणसाला पाठीशी भिंत असली की बरं वाटतं. त्यात क्लीव्हलँडला सरोवर जवळ. जानेवारीत तिथून येणारा वारा दोनशे मीटर उघड्या जागेतून सुटतो तेव्हा बाकावर बसायला कोणी मागे-पुढे पाहणार नाही, कारण बसायचा विचारच कोणी करणार नाही.

भूगोलाचाही हात आहे. सिनसिनाटीचं डाउनटाउन टेकड्यांच्या खोलगट कुशीत आणि नदीच्या आत अडकलेलं आहे. त्याला पसरायला जागा नव्हती, म्हणून ते दाट राहिलं. क्लीव्हलँड सपाट पठारावर. यूक्लिड ॲव्हेन्यू धरून ते पूर्वेला वाढतच गेलं. नाट्यगृहांचा भाग चौकापासून दीडेक किलोमीटरवर, स्टेडियम तिसरीकडे, सरकारी इमारती चौथीकडे. माणसं तेवढीच, पण वाटली गेली.

सरकारी इमारती वेगळ्या का गेल्या, ही गोष्ट मला या सगळ्यात सर्वांत रंजक वाटते. १९०३ मध्ये वास्तुरचनाकार डॅनियल बर्नहॅम आणि त्याच्या दोन सहकाऱ्यांनी क्लीव्हलँडसाठी आराखडा दिला. चौकापासून जरा ईशान्येला, सरोवराच्या दिशेने एक लांबरुंद हिरवळ, तिच्या दोन्ही अंगांना कोर्ट, नगरपालिका, ग्रंथालय, आणि सरोवराकडच्या टोकाला भव्य रेल्वे स्टेशन. गावात उतरणारा प्रत्येक प्रवासी त्या हिरवळीवर पाऊल टाकणार होता. इमारती एकेक करून झाल्या. स्टेशनच तेवढं झालं नाही.

आडवे आले ते व्हॅन स्वेरिंजन बंधू. दोघे अविवाहित, लोकांत फारसे न मिसळणारे, आणि शेकर हाइट्स नावाचं श्रीमंत उपनगर वसवत असलेले. तिथल्या लोकांना डाउनटाउनपर्यंत जलद गाडी हवी, गाडीसाठी रूळ टाकायला जागा हवी, आणि जागेसाठी या भावांनी १९१६ मध्ये अख्खी निकेल प्लेट रेल्वे कंपनीच विकत घेतली. मग त्यांना वाटलं, स्टेशनही पब्लिक स्क्वेअरलाच करावं. जानेवारी १९१९ मध्ये शहरात मतदान झालं आणि लोकांनी भावांच्या बाजूने कौल दिला. हजाराहून जास्त इमारती पाडल्या गेल्या. त्या जागेवर ५२ मजल्यांचा, ७०८ फुटी टर्मिनल टॉवर उभा राहिला. न्यूयॉर्क सोडलं तर उत्तर अमेरिकेत त्याच्याहून उंच इमारत १९६४ पर्यंत नव्हती. स्टेशन १९३० मध्ये सुरू झालं. मंदीत भावांचं साम्राज्य कोसळलं, टॉवर राहिला.

चौकाला याचा फायदा झाला की तोटा? दोन्ही. गावाचा केंद्रबिंदू चौकातच टिकला आणि बर्नहॅमची हिरवळ टोक हरवल्यासारखी रिकामी पडली. पण टर्मिनल टॉवर हे आतल्या आत पुरं असलेलं गाव होतं. गाडीतून उतरा, आतूनच हिगबीज या मोठ्या दुकानात जा, आतूनच हॉटेलात. चौकात पाय न ठेवता दिवस निघावा अशी सोय.

सिनसिनाटीने नेमकं उलट केलं. त्यांचं युनियन टर्मिनल १९३३ मध्ये झालं, अर्ध्या घुमटाची देखणी इमारत, पण डाउनटाउनपासून दोनेक किलोमीटर दूर. रेल्वेचे दिवस सरले तसं ते ओस पडलं, आता तिथे संग्रहालयं आहेत. चौकाच्या समोर मात्र त्याच सुमारास ४९ मजली कॅरू टॉवर आला, ज्यात दुकानं, कचेऱ्या आणि हॉटेल एकत्र. दार थेट रस्त्यावर उघडणारं. चौकाच्या उत्तरेला फिफ्थ थर्ड या बँकेचं मुख्यालय आहे. (नाव विचित्र वाटतं खरं, तिसरी आणि पाचवी अशा दोन राष्ट्रीय बँका एक झाल्या आणि कोणीच माघार घेतली नाही.) शेजारच्या चौकोनात शहराच्या बसगाड्यांचा मुख्य थांबा. म्हणजे बस बदलणारा, बँकेतला कारकून, हॉटेलातला पाहुणा, सगळ्यांची वाट कारंज्यावरून.

दुसऱ्या महायुद्धानंतर दोन्ही गावं घसरली, क्लीव्हलँड जास्त. १९५० मध्ये तिथे ९,१४,८०८ माणसं होती, २०२० मध्ये ३,७२,६२४ उरली. सिनसिनाटी पाच लाखांवरून तीन लाखांवर आलं. क्लीव्हलँडची कायाहोगा नदी १९६९ मध्ये पेटली, १९७८ मध्ये महापालिकेने बँकांची देणी थकवली. सिनसिनाटीने त्याच काळात वेगळी चूक केली. चौक नव्याने बांधताना कारंजं हलवलं, १९७१ मध्ये त्याचं तोंड पूर्वेकडून पश्चिमेकडे फिरवलं, आणि पुढे इमारतींना जोडणारे पादचारी पूल चौकावरून काढले. माणसं दुसऱ्या मजल्यावरून चालू लागली, खालचा चौक काँक्रीटचा ओटा होऊन बसला. म्हणजे माप बरोबर असून भागत नाही, माणसं जमिनीवर चालायला हवीत.

दोघांनीही आपापले चौक दुरुस्त केले, दहा वर्षांच्या अंतराने. दोन्हीचा खर्च पाच कोटी डॉलरच्या आसपास.

सिनसिनाटीत पार्श्वभूमी २००१च्या दंगलीची. पोलिसांनी टिमथी थॉमस या निःशस्त्र कृष्णवर्णीय तरुणाला गोळी घातली, गाव पेटलं, डाउनटाउनचं नाव खराब झालं. २००३ मध्ये बड्या कंपन्यांच्या पैशावर थ्रीसीडीसी ही ना-नफा संस्था निघाली. तिने २००६ मध्ये फाउंटन स्क्वेअर बदलला. कारंजं पुन्हा मोकळ्यावर, पादचारी पूल दूर, कडेला खाण्याच्या जागा, हलवता येणाऱ्या खुर्च्या, हिवाळ्यात बर्फावरचं स्केटिंग. सगळ्यात महत्त्वाचं कोणाला दिसत नाही, कारण ते जमिनीखाली आहे. तिथलं पार्किंग त्याच संस्थेच्या हाती आहे, आणि गाणी, सिनेमे, झाडलोट यांना त्याचा हातभार लागतो. चौक बांधणं सोपं. रोज सकाळी खुर्च्या मांडायला माणूस ठेवणं महाग. तो पगार कुठून येणार हे ज्यांनी आधी ठरवलं त्यांचा चौक चालला.

क्लीव्हलँडचा चौक २०१६ मध्ये नव्याने खुला झाला, भूदृश्य-रचनाकार जेम्स कॉर्नर यांच्या कार्यालयाच्या आराखड्यानुसार. दीडशे वर्षांपूर्वीचाच प्रश्न पुन्हा टेबलावर, फुली ठेवायची की नाही? उत्तर अर्धं निघालं. ऑन्टॅरियो चौकातून बंद, सुपीरियर फक्त बसगाड्यांना. हिरवळ, मुलांना खेळायला पाण्याचे फवारे, एक उपाहारगृह. त्या उन्हाळ्यात रिपब्लिकन पक्षाचं अधिवेशन झालं, ते आटोपल्यावर महापौरांनी सुरक्षिततेचं कारण देऊन बसही बंदच ठेवल्या. तिथे केंद्र सरकारची वाहतूक खात्याची यंत्रणा मध्ये पडली. यूक्लिडवरच्या जलद बससेवेला त्यांनी अनुदान दिलं होतं आणि चौकातून बस जाणं हा त्या व्यवहाराचा भाग होता. बस नाही, तर सुमारे १.२ कोटी डॉलर परत करा, असा इशारा आला. मार्च २०१७ मध्ये बस परतल्या. सोबत रस्त्याच्या कडेने महामार्गावर असतात तसले काँक्रीटचे अडथळे आले. पाच कोटींच्या बागेत ते वर्षानुवर्षं तसेच पडून होते. एवढं कुरूप दृश्य इतक्या महाग जागेत क्वचितच असेल.

मात्र एका बाबतीत मला क्लीव्हलँडचा चौक उजवा वाटतो, तो भांडायला चांगला आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीचा महापौर टॉम जॉन्सन लोकांना तंबूत जमवून सवाल-जवाब करायचा. चौकातल्या एका तुकड्यात त्याचा पुतळा बसलेला आहे आणि तो तुकडा भाषणबाजांचा मानला जातो. २०१६च्या अधिवेशनात सगळ्या पक्षांच्या विरोधकांना बोलायला व्यासपीठ इथेच दिलं होतं. दहा एकरांत एकमेकांचं तोंड न बघणारे चार गट एकाच वेळी घोषणा देऊ शकतात. फाउंटन स्क्वेअरवर असं झालं की लगेच कोंडी होते. १९९०च्या दशकात नाताळात कू क्लक्स क्लॅन या गोऱ्या वर्चस्ववाद्यांच्या संघटनेने तिथे क्रूस उभारला. महापालिकेला तो नको होता, पण एका धर्माचं प्रतीक चालतं तर दुसऱ्याला नाही म्हणता येत नाही, या मुद्द्यावर प्रकरणं कोर्टात गेली. क्रूस उभा राहिला, लोकांनी तो पाडला, पुन्हा उभा राहिला. नेटका चौक आणि मोकळा चौक यांत निवड करायची पाळी येते ती अशा वेळी.

क्लीव्हलँडच्या चौकाची पश्चिम बाजू तीस वर्षांहून जास्त काळ गाड्या लावण्याचं मैदान होती. १९९० मध्ये जुन्या इमारती पाडून बँकेचा टॉवर यायचा होता, बँक विलीन झाली, टॉवर आलाच नाही. आता शेरविन विल्यम्स या रंगांच्या कंपनीने तिथे मुख्यालय बांधलंय. ३६ मजली टॉवर मागच्या बाजूला, आणि नेमकं चौकाला लागून एक बसकी इमारत. चौकाला भिंत हवी होती तिथे कमरेएवढी मिळाली, असं माझं मत. दुसरी बातमी जास्त बरी आहे. कचेऱ्या रिकाम्या होताहेत तशी माणसं राहायला येताहेत. चौकावरच्या मे कंपनीच्या जुन्या दुकानात फ्लॅट झाले, टर्मिनल टॉवरच्या काही मजल्यांवरही झाले. सिनसिनाटीचा कॅरू टॉवर त्याच वाटेवर आहे. रात्री नऊला कुत्र्याला फिरवायला खाली उतरणारा माणूस क्लीव्हलँडच्या चौकाला आता कुठे मिळू लागलाय, आणि कुत्र्याची तरी जागेबद्दल तक्रार असणार नाही.